स्ट्रॅटफर्डच्या जुन्या घरांत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कॅनडातल्या वॉटर्लूला राहतो. उन्हाळा लागला की ओळखीच्या घरांमधून भारतातले आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात. नायगारा बघून होतो, टोरंटोचा उंच मनोरा बघून होतो, आणि मग फोन येतो, ‘आता यांना कुठे नेऊ?’ मी दरवेळी एकच नाव सांगते, स्ट्रॅटफर्ड. तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं नाही. तिथल्या एखाद्या जुन्या घरात निदान दोन रात्री राहा, असं सांगते. त्यावर जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

स्ट्रॅटफर्ड नेमकं कुठे आहे? आणि हे नाव तर इंग्लंडमधल्या गावाचं ना?

हे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं स्ट्रॅटफर्ड. टोरंटोपासून पश्चिमेला साधारण १५० किलोमीटर, किचनरहून जेमतेम ४५. वस्ती सुमारे ३३,०००, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गावातून एव्हन नावाची नदी वाहते.

नाव शेक्सपिअरच्या गावावरूनच आलं आहे, आणि त्यामागे एक उतरायचं हॉटेल आहे. ही जमीन कॅनडा कंपनी नावाच्या व्यापारी कंपनीच्या ताब्यात होती. १८३२ साली त्या कंपनीचे एक संचालक थॉमस मर्सर जोन्स यांनी इथल्या हॉटेलवाल्या विल्यम सार्जिंटला शेक्सपिअरचं चित्र भेट दिलं. त्या हॉटेलचं नाव शेक्सपिअर हॉटेल. जंगल तोडून नुकती कुठे वस्ती होत होती, तेव्हा वाटसरूला टेकायला जागा होती ती ही. गावात आज रोमिओ नावाचा रस्ताही आहे. गावाची ओळखच उतरायच्या ठिकाणापासून सुरू झाली, हे मला फार आवडतं.

एवढ्याशा गावात पाहुण्यांसाठी इतकी जुनी घरं कशी काय?

हे समजून घेतलं तर मुक्काम वेगळाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८५६ मध्ये इथे रेल्वे आली. पुढे वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे मोठे कारखाने उभे राहिले, आणि कित्येक पिढ्या गावातली घरं त्या पगारावर चालली. (थॉमस एडिसनही १८६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, इथल्या स्टेशनात तारखात्यात नोकरी करत होता.) जोडीला फर्निचरचे कारखाने होते. कारखानदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठमोठी विटांची घरं बांधली. कुटुंबं मोठी होती, शिवाय घरात राहणारी मोलकरीण. त्यामुळे पाच-सहा झोपायच्या खोल्या ही साधी गोष्ट.

१९५०च्या दशकात वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली आणि कारखान्यांना उतरती कळा लागली. गावातल्याच टॉम पॅटरसन या पत्रकाराच्या डोक्यात आलं की नावाला जागून इथे शेक्सपिअरचा नाट्यमहोत्सव करावा. त्यांनी टायरोन गथ्री या ब्रिटिश दिग्दर्शकाला बोलावलं. १३ जुलै १९५३ रोजी एका प्रचंड तंबूत ‘रिचर्ड तिसरा’चा प्रयोग झाला, मुख्य भूमिकेत ॲलेक गिनेस. लोक लांबलांबून आले, आणि त्यांना उतरवायला गावात हॉटेलं पुरेशी नव्हती. तेव्हा गावकऱ्यांनी आपापल्या घरातल्या खोल्या झाडून-पुसून दिल्या. रेल्वेचे कारखाने १९६४ मध्ये बंद झाले, महोत्सव मात्र वाढत गेला. एरवी या घरांचे तुकडे पाडून भाड्याच्या खोल्या झाल्या असत्या किंवा ती पाडून गाड्या लावायची जागा झाली असती. पाहुण्यांच्या पैशांवर त्यांची छपरं शाकारली गेली. आजही तुम्ही दोन रात्रींचे जे पैसे देता, त्यातले काही त्या घराच्या विटांत आणि खिडक्यांतच जातात.

‘ऐतिहासिक घर’ म्हणजे वस्तुसंग्रहालय का? हात लावायची भीती वाटते.

नाही हो. ही राहती घरं आहेत. मालक बहुधा त्याच घरात मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर राहतात. खुर्च्या बसायलाच असतात.

मात्र जाहिरातीत ‘हेरिटेज’ लिहिलं म्हणून घराला कायद्याचं संरक्षण असतंच असं नाही. ऑन्टारियोत १९७५ पासून वारसा कायदा आहे. त्याखाली नगरपालिका एखादं घर किंवा अख्खा भाग वारसा म्हणून जाहीर करते, आणि मग मालकाला बाहेरून वाटेल ते बदल करता येत नाहीत. स्ट्रॅटफर्डचा मधला बाजारभाग असा संरक्षित आहे. घराबद्दल कुतूहल असेल तर मालकांना सरळ विचारा, ‘हे घर कोणी बांधलं?’ बहुतेकांना हे सांगायला मनापासून आवडतं. जुने फोटो, घराचे नकाशे काढून दाखवतात.

घर स्वतः वाचायचं असेल तर काही खुणा सांगते. फिकट पिवळसर वीट ही या भागातल्या मातीची. दारांच्या वर काचेची आडवी झडप असते, ती उघडून पूर्वी खोल्यांत हवा खेळवत. बैठकीची दारं भिंतीच्या पोटात सरकतात. समोरचा जिना रुंद, कोरीव कठड्याचा. आणि स्वयंपाकघरातून वर जाणारा दुसरा एक जिना असतो, अरुंद आणि साध्या लाकडाचा, तो मोलकरणींचा. त्या दोन जिन्यांच्या पायऱ्यांची रुंदी नुसती नजरेने मोजली तरी त्या काळच्या घरात कोण कसं राहत होतं ते कळतं.

बी अँड बी, इन आणि ॲपवर मिळणारं घर, यांत फरक काय?

बी अँड बी म्हणजे मालक घरातच, खोल्या तीन-चार, नाश्ता भाड्यात धरलेला. इनमध्ये खोल्या जास्त, कधी खाली रेस्टॉरंट, मालक तिथे राहतीलच असं नाही. ॲपवरच्या घरात किल्ली कुलूपबंद डबीत असते आणि माणूस भेटत नाही. स्ट्रॅटफर्डमध्ये बी अँड बी चालवायला शहराचा परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला संकोच करू नका. जुन्या लाकडी जिन्यांच्या घरात आगीची खबरदारी घेतलेली असणं महत्त्वाचं.

बुकिंग किती आधी करावं?

महोत्सव साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतो. जुलै-ऑगस्टचा शनिवार-रविवार हवा असेल तर वसंतातच खोली धरा. बऱ्याच घरांत सुट्टीच्या दिवशी किमान दोन रात्रींची अट असते. आधी नाटकाची तिकिटं बघा, मग खोली, कारण सोमवारी बहुधा प्रयोग नसतात. माझं मत विचाराल तर मंगळवार ते गुरुवार जावं. गाव शांत असतं आणि मालकांना बोलायला सवड असते.

रद्द करण्याचे नियम हॉटेलपेक्षा कडक असतात, आणि ते बरोबरही आहे. तीन खोल्यांच्या घरात एक खोली ऐनवेळी रिकामी राहिली तर मालकांचं त्या दिवसाचं तृतीयांश उत्पन्न जातं.

भाडं माणशी की खोलीमागे?

खोलीमागे, दोन माणसं धरून. वर १३ टक्के विक्रीकर आणि शहराचा निवासकर लागतो, तेव्हा बुकिंग करतानाच सगळं मिळून किती होईल ते विचारून घ्या. काही छोट्या घरांत कार्ड चालत नाही, बँकेच्या ई-ट्रान्सफरने पैसे घेतात.

आई-बाबांना जिने जमतील का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. तो मी एकदा विचारला नव्हता.

आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी फोटो बघून एका घरातली सगळ्यात वरची खोली घेतली होती. उतरतं छप्पर, खिडकीतून मेपलचा शेंडा दिसणारी, फार सुंदर. पोचल्यावर कळलं की दुसऱ्या मजल्यानंतरचा जिना जवळजवळ शिडीसारखा चढा आहे आणि एका बाजूला कठडाच नाही. त्यांचे गुडघे दुखरे. त्या काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा, असं करत चढल्या, आणि रात्री नाटकाला यायचं टाळलं. परत उतरायची धास्ती होती. आम्ही तिकिटं काढलेली म्हणून गेलो, सासूबाई खोलीत एकट्या. मला ते फार लागलं. जिन्याबद्दल त्या घराच्या जाहिरातीत अवाक्षर नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी फोनवर चार गोष्टी विचारते. खोली कितव्या मजल्यावर आहे? मधे एकूण पायऱ्या किती? दोन्ही बाजूंना धरायला कठडा आहे का? आणि रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? हा शेवटचा प्रश्न हटकून राहून जातो. या घरांचे व्हरांडे उंच असतात, चार-पाच पायऱ्या तिथेच चढाव्या लागतात. तळमजल्यावर खोली असलेली घरं आहेत, पण थोडी, आणि ती आधी भरतात. लिफ्टची अपेक्षा ठेवू नका. इथे कॅनडातला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, हेही बोलताना लक्षात ठेवा, नाहीतर घोटाळा होतो.

बाथरूम खोलीला लागून असतं का?

बहुतेक ठिकाणी असतं, काही घरांत खोलीचं स्वतंत्र पण बोळात असतं. पायांवर उभा असलेला जुना लोखंडी टब दिसायला देखणा, पण त्याची कड गुडघ्याच्या वर येते. म्हाताऱ्या माणसांसाठी उभं राहून अंघोळ करायचा शॉवर असलेली खोली मागा. बादली-मग नसतो. संडासात पाण्याचा जेट नसतो, तेव्हा छोटा तांब्या किंवा प्लॅस्टिकची बाटली सोबत असू द्या. आणि फरशीवर पाणी सांडू देऊ नका. खाली शंभर वर्षांचं लाकूड आणि त्याखाली कुणाच्या तरी बैठकीचं छत असतं.

नाश्त्याला शाकाहारी काय मिळेल?

भरपूर, पण आधी सांगायला हवं. आयत्या वेळी टेबलावर नाही.

नाश्ता एका ठरलेल्या वेळी असतो, साधारण साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान. आधी कापलेली फळं, दही, घरी भाजलेलं काहीतरी, स्कोन किंवा मफिन. मग गरम पदार्थ: ऑम्लेट, फ्रेंच टोस्ट, पॅनकेक. ताटात बाजूला सॉसेज किंवा पीमील बेकन, म्हणजे मक्याच्या पिठात घोळवलेलं डुकराचं मांस. इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस नाही एवढंच कळतं, अंडं चालतं असं धरतात. तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर तसं स्वतंत्र लिहा. मी बुकिंगच्या वेळीच लिहून टाकते: मांस, मासे, अंडी नाहीत, दूध, दही, लोणी, चीज चालतं, जिलेटिन आणि प्राण्यांची चरबी नको. हे शेवटचं अशासाठी की इथल्या काही दह्यांत जिलेटिन असतं आणि पेस्ट्रीच्या पाऱ्यांत कधीकधी चरबी.

एवढं सांगितलं तर लोक जीव ओतून करतात. एका घरात मालकीणबाईंनी आमच्या आईसाठी ओट्सची लापशी केली होती. वर लोण्यात परतलेली सफरचंदं, आणि मेपलचा पाक वेगळ्या छोट्या चंबूत, गोड किती हवं ते ज्याचं त्याने घ्यावं म्हणून. आईने दोनदा मागून घेतली. नंतर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोघी वेलदोड्याबद्दल बोलत होत्या, एकीचं इंग्रजी मोडकं, दुसरीचा वेलदोडा फक्त केकमधला. पुढच्या खेपेला आईने तिच्यासाठी साताऱ्याहून वेलदोड्याची पुडी आणली.

उपास असेल तर फळं, दूध, उकडलेला बटाटा सहज मिळतो. साबुदाणा घरून भिजवून नेऊ नका, तो कुठे करणार?

खोलीत स्वतःचं काही गरम करता येईल का?

चहाची किटली बहुतेक ठिकाणी मिळते. इंडक्शनची शेगडी मुळीच नेऊ नका. जुन्या घरातली वायरिंग आणि धुराचे अलार्म, दोन्हींसाठी. ठेपले, दशम्या, चिवडा, लाडू न्या. लोणच्याची बरणी घट्ट बंद करून. तेल सांडून रजई खराब झाली तर ती पुन्हा तशी मिळत नाही, काही रजया हाताने शिवलेल्या असतात.

एकाच टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसायचं म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही का?

पहिली पाच मिनिटं होतं. मग कोणीतरी विचारतं, ‘काल कोणतं नाटक बघितलंत?’ आणि बोलणं सुरू होतं. इथे येणारी बरीच मंडळी वीस-तीस वर्षं दर उन्हाळ्यात येणारी, नाटकवेडी. अमुक नटाने अमुक साली हीच भूमिका कशी केली होती यावर ते तावातावाने बोलतात, अगदी आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींसारखे. माझे वडील आयुष्यभर संगीत नाटकं बघत आलेले. नाट्यगीत वाढत वाढत कसं रंगायचं, ‘वन्स मोअर’ कसे मिळायचे, हे त्यांनी एका सकाळी त्या टेबलावर सांगितलं. एक निवृत्त शिक्षिका काटा खाली ठेवून ऐकत होत्या. त्यांनी गाऊन दाखवायला सांगितलं, आणि बाबांनी चार ओळी म्हटल्या. हॉटेलच्या बुफेच्या रांगेत हे कुठून व्हायला?

बोलायचा मूड नसेल तर तसंही चालतं. कोणी मागे लागत नाही.

चपला-बूट?

दारात काढायचे, आपल्यासारखेच. कॅनडात घरात बूट घालून वावरत नाहीत. हलके मोजे किंवा घरातल्या चपला न्या, लाकडी जमीन सकाळी गार असते.

लहान मुलं चालतात का?

घरागणिक वेगळं. बरीच घरं साधारण बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. राग मानू नका. भिंती पातळ, उंच जिने, जुन्या वस्तू, आणि शेजारच्या खोलीत विश्रांतीला आलेले लोक. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर स्वतंत्र इमारतीतली खोली किंवा साधं मोटेल बरं. जरा मोठी मुलं असतील तर त्यांना एव्हन थिएटरच्या पायऱ्या दाखवा. जस्टिन बीबर याच गावात वाढला, आणि लहानपणी तिथे गिटार घेऊन बसायचा.

जुन्या घरात आवाज, उकाडा, थंडी यांचा त्रास होतो का?

जमीन कुरकुरते. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं तर कळतं. झोप सावध असेल तर रस्त्याकडची खोली सोडून बागेकडची मागा.

खिडक्या वर सरकवायच्या असतात. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं असतं, त्याच्या तोलावर काच हव्या त्या उंचीवर थांबते. दोरी तुटलेली असेल तर खिडकी धाडकन खाली येते, म्हणून हात मधे ठेवून उघडू नका, आधी मालकांना विचारा. जुलैत वरच्या मजल्यावर चांगलंच उकडतं. एसी आहे का, हे विचारून ठेवा. ऑक्टोबरमध्ये भिंतीलगतचे ओतीव लोखंडाचे रेडिएटर सुरू होतात. त्यांतून गरम पाणी फिरतं. पहाटे लोखंड तापायला लागलं की टिक्‌ टिक्‌, मग एक खोल ठोका, मग पुन्हा टिक्‌. बाबा म्हणाले होते, कोणीतरी दार वाजवतंय. दुसऱ्या रात्री त्यांना त्याच आवाजाने झोप लागली.

आई-बाबांना शेक्सपिअरचं इंग्रजी कळणार नाही. मग नाटक कशाला?

शेक्सपिअरच बघावा असं नाही. दरवर्षी एक-दोन संगीतिका असतात; नाच, गाणी, वाद्यवृंद, सगळं जिवंत. तिथून सुरुवात करा. शेक्सपिअर बघणार असाल तर आदल्या रात्री गोष्ट मराठीत सांगा, मग शब्द निसटले तरी माणसं कळतात.

फेस्टिव्हल थिएटर १९५७ मध्ये जुन्या तंबूच्या जागी बांधलं. त्याचा रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला आहे, तिन्ही बाजूंनी लोक बसतात. जवळजवळ १,८०० प्रेक्षक, तरी शेवटच्या रांगेतूनही नट सुमारे २० मीटरच्या आतच असतो. चेहरा दिसतो. आणि प्रयोगाआधी बाहेर वादक तुताऱ्या फुंकतात. आपल्याकडची तिसरी घंटा, तशीच ती हाक. पाच मिनिटं आधी बाहेर हिरवळीवर उभे राहा, आत घाई करून बसू नका.

नाटक नसेल तेव्हा काय करायचं?

नदीकाठी चाला, राजहंस बघा. १९१३ च्या सुमारास या काठावरून रेल्वेचा रूळ टाकायचा घाट होता, लोकांनी मतदान करून तो नाकारला, म्हणून तिथे आज बागा आहेत. न्यायालयाच्या खालच्या शेक्सपिअर बागेत जुन्या लोकर गिरणीचं धुराडं उभं आहे. मग ऱ्हीओ थॉम्प्सनच्या दुकानातून पुदिन्याची चॉकलेटं घ्या. एवढं पुरे आहे. दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलात तरी दिवस वाया गेला असं वाटणार नाही.

गाडी नसेल तर?

टोरंटोहून व्हिया रेल्वेची गाडी थेट स्ट्रॅटफर्डला थांबते, सव्वादोन-अडीच तास धरा. गाड्या थोड्या आहेत, परतीची वेळ आधी बघा. हंगामात टोरंटोहून महोत्सवाची बसही असते. स्टेशनपासून बहुतेक घरं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, पण बॅग जड असेल तर टॅक्सी करा. गाडीने येत असाल तर ती ठेवायला आवारात जागा आहे ना, ते विचारा. रात्रभर रस्त्यावर उभी केली तर दंड होऊ शकतो.

टिप द्यायची का?

मालक स्वतःच सगळं करत असतील तर नाही. खोली साफ करायला वेगळी बाई येत असेल तर तिच्यासाठी पाकिटात ठेवा. मालकांना द्यायचंच तर पाहुण्यांच्या वहीत चार ओळी लिहा. मराठीत लिहिल्या तरी चालतं, खाली अर्थ सांगा.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळची आहे, सामान कुठे ठेवायचं?

खोली साधारण दहा-अकराला सोडावी लागते, पण बॅगा खालच्या दिवाणखान्याशेजारी ठेवू देतात. आदल्या रात्रीच विचारून ठेवा. दुपारचा प्रयोग साधारण दोनला असतो, पाचच्या आत सुटतो. मालक घरी नसतील तर मागच्या दाराची किल्ली कुठे ठेवली आहे ते सांगून जातात. ती पुन्हा तिथेच ठेवा.